एल-१ए व्हिसा: मॅनेजर म्हणून अमेरिकेत बदली होते तेव्हा

कंपनीने अमेरिकेतल्या ऑफिसला पाठवायचं ठरवलं की एचआरकडून एक मेल येतो. त्यात कागदपत्रांची लांबलचक यादी असते, वकिलांच्या फर्मची लिंक असते आणि 'जॉब ड्यूटीज' नावाचा एक फॉर्म असतो. बहुतेक जण आधी यादीच्या मागे लागतात. पासपोर्टच्या प्रती, डिग्री, पगाराच्या स्लिपा सगळं गोळा होतं आणि तो फॉर्म मात्र जुन्या रेझ्युमेतल्या चार ओळी चिकटवून अर्ध्या तासात भरला जातो. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. स्लिपा कधीही मिळतात. एल-१एची केस अडते ती बहुधा त्या फॉर्मवरून.

कारण या व्हिसात अधिकाऱ्याला शेवटी एकच गोष्ट ठरवायची असते: हा माणूस स्वतः काम करतो की दुसऱ्यांकडून करवून घेतो? व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर मॅनेजर' छापलंय की 'व्हाइस प्रेसिडेंट', याला फार किंमत नाही. दिवसभर तुम्ही काय करता, कोणाच्या जोरावर करता आणि कोणते निर्णय तुमच्या सहीशिवाय होत नाहीत, हे कागदावर दिसलं पाहिजे. पुढचं सगळं याच धाग्याने वाचा.

हा व्हिसा नेमका कोणता

कंपनीतल्या कंपनीत बदली होणाऱ्यांसाठी अमेरिकेने १९७० साली 'एल' हा व्हिसा कायद्यात आणला. त्याचे दोन प्रकार. मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह यांच्यासाठी एल-१ए, आणि कंपनीचं खास, बाहेर सहज न मिळणारं ज्ञान असलेल्यांसाठी एल-१बी. पहिल्यात जास्तीत जास्त सात वर्षं राहता येतं, दुसऱ्यात पाच.

एच-१बीची, म्हणजे शिकलेल्या कुशल लोकांच्या नेहमीच्या वर्क व्हिसाची, सवय झालेल्यांना एल-१ए जरा वेगळा वाटतो. एच-१बीला दर वर्षी ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्स झालेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, त्यामुळे लॉटरी. एलला मर्यादा नाही, लॉटरी नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. डिग्रीची अट नाही. त्या भागातला प्रचलित पगार दिलाच पाहिजे असंही बंधन नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावण्याचा आदेश निघाला, तो एलला लागू नाही. त्यामुळे एचआरने तुम्हाला अचानक 'मॅनेजर कॅटेगरी'बद्दल विचारलं, तर त्यामागे हेही असू शकतं. पण नुसतं कंपनीला सोयीचं आहे म्हणून कोणी मॅनेजर ठरत नाही, त्यामुळे आधी स्वतःचा हिशोब तपासा.

पहिली पायरी: तारखा मोजा

अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांत तुम्ही कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या ऑफिसात सलग एक वर्ष पूर्ण वेळ नोकरी केलेली असली पाहिजे. वाचायला सोपं आहे, पण मोजताना लोक घसरतात. मध्ये मीटिंगसाठी किंवा ट्रेनिंगसाठी अमेरिकेला गेला असाल, तर त्या फेऱ्यांमुळे वर्ष तुटत नाही, पण ते दिवस मोजलेही जात नाहीत. समजा रुजू होऊन बरोबर बारा महिने झाले आणि त्यातले चाळीस दिवस अमेरिकेत गेले, तर ते चाळीस दिवस इकडे भरून काढल्याशिवाय अर्ज करायचा नाही. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा आणि एक साधी तक्ता-फाइल करा. ही फाइल पुढे सात वर्षं कामाला येणार आहे, ती कशी ते शेवटी सांगतो.

दुसरी अडचण कंत्राटी कामाची. वर्षातले काही महिने तुम्ही कन्सल्टंट म्हणून, बिल पाठवून पैसे घेत असाल, तर ती नोकरी धरली जाईलच असं समजू नका. वकिलाला आधी सांगा, पगारपत्रकं मागितली गेल्यावर नाही.

ते वर्ष मॅनेजर म्हणूनच काढलेलं असावं लागतं का? एल-१एसाठी मॅनेजर, एक्झिक्युटिव्ह किंवा खास ज्ञानाचं पद, यातलं कुठलंही चालतं. म्हणजे इकडे तज्ज्ञ होतात आणि तिकडे मॅनेजर म्हणून जाताय, तरी अर्ज होतो. पण ग्रीन कार्डच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. एल-१ए असलेल्यांना सोयीचा जो ग्रीन कार्डचा मार्ग आहे, त्यात बाहेरचं वर्षसुद्धा मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणूनच झालेलं असावं लागतं. दोन नियमांतला हा फरक अनेकांना अमेरिकेत जाऊन तीन-चार वर्षांनी कळतो आणि तेव्हा मागे जाऊन ते वर्ष बदलता येत नाही. हातात प्रमोशन येणार असेल तर बदलीआधी ते घेऊन त्या पदावर वर्ष काढणं शहाणपणाचं.

दुसरी पायरी: दोन कंपन्यांचं नातं

तुम्हाला पाठवणारी आणि बोलावणारी या दोन संस्थांमध्ये मालकीचं नातं लागतं: मूळ कंपनी, शाखा, उपकंपनी किंवा एकाच मालकाच्या दोन भगिनी कंपन्या. निम्म्याहून जास्त मालकी असेल तर प्रश्नच नाही. निम्मी-निम्मी भागीदारी असेल आणि दोघांना सारखा ताबा आणि नकाराधिकार असेल, तरी चालतं. मालकी निम्म्याहून कमी पण प्रत्यक्ष ताबा आहे, हेही सिद्ध करता येतं, पण त्याला कागद भक्कम लागतात.

क्लायंटशी हे नातं नसतं. 'आमचं दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे' हे ऐकायला कितीही जवळचं वाटलं तरी क्लायंट म्हणजे आपली कंपनी नव्हे. फ्रँचायझी, एजंट, वितरक हेही सहसा या नात्यात बसत नाहीत.

मोठ्या कंपनीत हे सगळं कायदा विभागाकडे तयार असतं, तुम्हाला त्यात डोकं घालायचं कारण नाही. लहान किंवा घरगुती कंपनी असेल तर मात्र शेअर सर्टिफिकेटं, भागधारकांचं रजिस्टर, गुंतवणुकीचे पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले याचे बँकेचे कागद, हे सगळं एकमेकांशी जुळतंय ना, ते पाहावं लागतं. शिवाय तुम्ही अमेरिकेत असेपर्यंत बाहेरची कंपनीही चालू राहिली पाहिजे. इकडे कुलूप लावून सगळं तिकडे हलवायचं, हा या व्हिसाचा रस्ता नाही.

तिसरी पायरी: कामाचं पत्र

इथे वेळ घालवा. हवं तर बाकी सगळं घाईत उरका.

कायद्यात एक्झिक्युटिव्ह म्हणजे जो संस्थेची किंवा तिच्या मोठ्या भागाची दिशा ठरवतो, धोरणं आखतो, मोठे निर्णय स्वतःच्या अखत्यारीत घेतो आणि ज्याच्यावर संचालक मंडळ किंवा त्याहून वरच्या लोकांची फक्त वरवरची देखरेख असते. मॅनेजर म्हणजे जो एखादा विभाग चालवतो, त्याच्या हाताखालच्या सुपरवायझर, प्रोफेशनल किंवा मॅनेजर लोकांच्या कामावर नियंत्रण ठेवतो, त्यांना नेमण्या-काढण्याचा अधिकार किंवा तशी शिफारस करण्याचा अधिकार ठेवतो आणि रोजच्या कामकाजात स्वतः निर्णय घेतो.

'प्रोफेशनल' या शब्दात मेख आहे. पहिल्या फळीचा सुपरवायझर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांवर थेट देखरेख करणारा, मॅनेजर धरला जात नाही. अपवाद एकच: हाताखालच्यांची कामं अशी असतील की त्यांना पदवी लागतेच. दहा इंजिनिअर थेट हाताखाली असलेला माणूस बसू शकतो. दहा डेटा एंट्री करणारे हाताखाली असलेला नाही, त्याचा पगार कितीही असो.

आता पत्र. एचआरकडे पाठवलेला पहिला मसुदा साधारण असा असतो: 'बिलिंग सिस्टिमच्या टीमचं व्यवस्थापन. क्लायंटशी समन्वय. रिलीजची जबाबदारी. प्रोजेक्टचे रिपोर्ट तयार करणे.' यात खोटं काही नाही, पण अधिकाऱ्याच्या बाजूने वाचून बघा. टीम म्हणजे किती माणसं? समन्वय म्हणजे मीटिंगच्या वेळा ठरवायच्या की करार? रिलीज तुम्ही स्वतः करता? रिपोर्ट बनवायला तुम्हीच बसता? चार ओळींत चार शंका, आणि चारही 'हा माणूस स्वतः काम करतो' याच बाजूला झुकणाऱ्या.

त्याच माणसाचं काम असंही लिहिता येतं: 'बिलिंग विभागातल्या तीन टीम लीडना तिमाहीची उद्दिष्टं ठरवून देणं आणि त्यांच्या कामाचा आढावा, त्यांच्या हाताखाली एकूण चौदा इंजिनिअर: ३० टक्के वेळ. विभागाचं वार्षिक बजेट मांडणं, त्यातल्या खर्चाला मंजुरी: २० टक्के. लीडची निवड, मूल्यमापन, पगारवाढ, गरज पडल्यास कामावरून काढणं: २० टक्के. कोणतं रिलीज कधी जाईल आणि कोणतं थांबेल याचा अंतिम निर्णय, प्रत्यक्ष चाचणी आणि रिलीज लीडच्या टीमकडे: २० टक्के. वरिष्ठांना आणि ऑडिटला माहिती देणं: १० टक्के.' प्रत्येक कलमात निर्णय कोणाचा आणि हातचं काम कोणाचं, हे वेगळं झालंय. दोन-तीन खरी उदाहरणंही जोडा. मागच्या वर्षी कोणता प्रोजेक्ट तुमच्या निर्णयाने बंद झाला, कोणाची नेमणूक तुमच्या सहीने झाली, असं काहीतरी.

पत्राबरोबर ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवणारा तक्ता लागतो, आणि असे दोन लागतात: इथला आणि तिथला. प्रत्येक चौकटीत पद, शिक्षण आणि काम एका ओळीत. तुमच्या वर कोण, बाजूला कोण, खाली कोण, आणि खालच्यांच्या खाली कोण, सगळं दिसलं पाहिजे. इथला चार्ट भरलेला आणि तिथल्या चार्टवर तुमच्या खाली दोन रिकाम्या चौकटी 'लवकरच भरती' म्हणून, असं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तिथली कामं करणार कोण?

हाताखाली माणसं नसलेले, पण कंपनीचं एखादं महत्त्वाचं काम सांभाळणारे, उदाहरणार्थ जागतिक खरेदी किंवा वित्त नियोजन, यांनाही मॅनेजर म्हणून जाता येतं. याला फंक्शन मॅनेजर म्हणतात. २०१७ साली इमिग्रेशनच्या अपील कार्यालयाने 'मॅटर ऑफ जी' या निकालात त्याच्या कसोट्या सांगितल्या: ते काम स्पष्ट आखलेलं असावं, संस्थेच्या गाभ्याचं असावं, तुम्ही ते मुख्यतः करत नसून चालवत असावं, संस्थेच्या उतरंडीत किंवा त्या कामापुरती तुमची जागा वरची असावी आणि रोजचे निर्णय तुमचे असावेत. त्याआधी २०१६ च्या 'मॅटर ऑफ झेड-ए' निकालात अमेरिकेबाहेरून मदत करणारे कर्मचारीही विचारात घ्यायला हवेत, असं म्हटलं गेलं. त्या प्रकरणात ते जपानमधल्या मूळ कंपनीतले होते. अमेरिकेतलं ऑफिस छोटं पण काम करणारी फौज दुसऱ्या देशात, अशा केसमध्ये हे दोन निकाल वकिलाला आठवतातच. नाही आठवले तर तुम्ही आठवण करून द्या.

एक सावधगिरी. पत्र नीट लिहिणं वेगळं आणि नसलेला अधिकार चिकटवणं वेगळं. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत येण्यावर कायमची बंदी लागू शकते. पिटिशन, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरही अधिकारी ऑफिसला अचानक भेट देऊन विचारपूस करतात. आणि व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारली जातात. पिटिशनमध्ये विभागप्रमुख आणि लिंक्डइनवर 'जावा डेव्हलपर, नवीन संधीच्या शोधात' हे दिसायला बरं नाही. प्रोफाइल जुनं असेल तर ते आधी अद्ययावत करा.

चौथी पायरी: दोन रस्ते, आणि पैसे

पहिला रस्ता वैयक्तिक पिटिशनचा. कंपनी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१२९ फॉर्म दाखल करते. मंजुरी आली की तुम्ही व्हिसासाठी वकिलातीत जाता. कामाच्या तारखेआधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज टाकता येतो.

दुसरा रस्ता ब्लँकेटचा. मोठ्या कंपनीने आपल्या सगळ्या शाखा-उपकंपन्यांचं नातं एकदाच मंजूर करून घेतलेलं असतं. त्यासाठी अमेरिकेत किमान वर्षभर चालू असलेलं ऑफिस आणि देशात-परदेशात मिळून तीन किंवा जास्त शाखा लागतात. शिवाय गेल्या बारा महिन्यांत दहा एल मंजुऱ्या, किंवा अमेरिकेतल्या कंपन्यांची मिळून अडीच कोटी डॉलरची वार्षिक विक्री, किंवा अमेरिकेत हजार कर्मचारी, यातली एक गोष्ट असावी लागते. अशा कंपनीचा माणूस आय-१२९एस हा फॉर्म घेऊन थेट वकिलातीत जातो आणि तिथला अधिकारीच खिडकीवर सगळं ठरवतो.

ब्लँकेट झटपट असतं म्हणून लोकांना आवडतं. पण त्यात तुमच्या केसला अधिकाऱ्याची काही मिनिटं मिळतात आणि केस स्पष्टपणे मंजुरीयोग्य दिसली नाही तर तो नाही म्हणून मोकळा होतो. फंक्शन मॅनेजरसारखी गुंतागुंतीची केस असेल तर माझा कल वैयक्तिक पिटिशनकडे आहे, तिथे कोणीतरी बसून कागद वाचतं. ब्लँकेट नाकारलं गेलं तरी नंतर वैयक्तिक पिटिशन करता येतं, फक्त आधीचा नकार त्यात सांगावा लागतो.

फीचा हिशोब कंपनीने करायचा, पण माहीत असावा. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार एलसाठी आय-१२९ ची फी १,३८५ डॉलर, पंचवीस किंवा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्यांना ६९५. त्यावर असायलम प्रोग्रॅम फी ६०० डॉलर, लहान कंपनीला ३००. पहिल्या अर्जाला फसवणूक-प्रतिबंधक फी ५०० डॉलर. अमेरिकेत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असून त्यातले निम्म्याहून अधिक एच-१बी किंवा एलवर असतील, तर आणखी ४,५०० डॉलर. पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर हवं असेल तर प्रीमियमची वेगळी फी, ती तीन हजार डॉलरच्या आसपास जाते. व्हिसा अर्जाचे २०५ डॉलर वेगळे. हे दर बदलत असतात, भरण्याच्या दिवशीचे बघा.

प्रीमियम भरलं म्हणजे मंजुरी विकत घेतली असं नव्हे. पंधरा दिवसांत मिळतं ते उत्तर, आणि ते उत्तर 'आणखी पुरावे द्या' असंही असू शकतं. याला आरएफई म्हणतात. एल-१एमध्ये आरएफई आला म्हणून घाबरू नका. उत्तराला जास्तीत जास्त चौऱ्याऐंशी दिवस मिळतात, पण संधी एकदाच, त्यामुळे अर्धवट पाठवू नका. मागितलेला प्रत्येक मुद्दा ज्या क्रमाने विचारला त्याच क्रमाने, कागद जोडून उत्तर द्यायचं.

पाचवी पायरी: मुलाखत

सप्टेंबर २०२५ पासून व्हिसासाठी स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करा, असा नियम आहे. पूर्वी लोक जवळच्या तिसऱ्या देशात लवकरची तारीख मिळवायचे, तो मार्ग आता धरू नका.

बोटांचे ठसे आणि फोटो झाल्यावर मुलाखत. प्रश्न सहसा साधे असतात. किती वर्षं कंपनीत आहात? हाताखाली किती लोक? त्यांची पदं काय? त्यांना कोणी घेतलं? तिथे काय करणार? तिथे हाताखाली कोण? उत्तरात आकडे आणि पदं येऊ द्या. तांत्रिक माणसाचा इथे घात होतो: अधिकारी सहज विचारतो, 'तुमची सिस्टिम काय करते?' आणि हा उत्साहाने आर्किटेक्चर समजावायला लागतो. दोन मिनिटांत समोरच्याच्या मनात पक्कं होतं की हा चांगला इंजिनिअर आहे. एका वाक्यात सिस्टिम सांगा आणि 'त्या टीमचे तीन लीड मला रिपोर्ट करतात' यावर या.

परत जाणार आहात का, याची एच-१बीसारखीच एललाही चिंता नाही. ग्रीन कार्डचा विचार असणं या व्हिसाला बाधत नाही, त्यामुळे विचारलंच तर खोटं बोलायचं कारण नाही. रंगीत चिठ्ठी देऊन पासपोर्ट ठेवून घेतला किंवा परत दिला आणि 'तपासणी बाकी आहे' म्हणाले, तर ते २२१(जी). मागितलेले कागद द्या आणि विमानाचं तिकीट तोवर काढू नका.

उतरल्यावर

पिटिशन सुरू होण्याच्या तारखेआधी दहा दिवसांपर्यंत प्रवेश मिळू शकतो, पण काम त्या तारखेपासूनच. विमानतळावरून बाहेर पडलात की आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, ऑनलाइन काढून बघा. तुम्हाला किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या स्टिकरवर नसतं, आय-९४ वर असतं. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी आय-९४ ची तारीखही तिथपर्यंतच देतो, आणि हे लक्षात न आल्याने भले भले बेकायदा ठरले आहेत. निघण्याआधी पासपोर्ट नवा करून घ्या.

जोडीदाराला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना एल-२ मिळतो. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला कामासाठी वेगळं परवानापत्र काढावं लागत नाही. आय-९४ वर 'एल-२एस' असा शेरा असला की त्या कागदावर कुठल्याही कंपनीत नोकरी करता येते. शेऱ्यातला तो शेवटचा 'एस' तपासा, चुकून नुसतं 'एल-२' पडलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. मुलांना शिकता येतं, नोकरी नाही.

नवं ऑफिस उघडायला जात असाल तर

ही केस वेगळी आणि कडक. पहिली मंजुरी तीन नाही, एकच वर्षाची. जागा आधीच घेतलेली दाखवावी लागते, नुसता टपालाचा पत्ता पुरत नाही. बाहेरचं एक वर्षही मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणूनच झालेलं असावं लागतं. आणि वर्षाच्या आत त्या ऑफिसला खरोखर एका मॅनेजरची गरज पडेल इतकं काम वाढेल, हे बिझनेस प्लॅनमधून पटवावं लागतं.

खरी परीक्षा वर्षानंतरच्या मुदतवाढीला. तेव्हा विचारतात: धंदा सतत चालू आहे का, माणसं कोण घेतली, पगार दिले का. पहिले सहा महिने मालक स्वतःच माल उतरवतो, फोन घेतो, बिलं करतो, हे समजण्यासारखं आहे. पण बाराव्या महिन्यातही तेच असेल तर मुदतवाढ मिळणं अवघड. म्हणून भरतीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा आणि आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत निदान महत्त्वाची माणसं घ्या. अर्जदार स्वतःच मालक किंवा मोठा भागधारक असेल तर काम संपल्यावर तो बाहेरच्या कंपनीत परतेल, याचा पुरावाही मागितला जातो.

सात वर्षांचं गणित

चालू ऑफिससाठी पहिली मंजुरी तीन वर्षांपर्यंत, मग दोन-दोन वर्षांच्या मुदतवाढी, एकूण सात. मुदतवाढीचा अर्ज वेळेत टाकला असेल तर निर्णय येईपर्यंत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. एल-१बीवर आलेल्याला मॅनेजर केलं तर बढतीच्या वेळीच सुधारित पिटिशन मंजूर करून घ्या. त्या पदावर किमान सहा महिने झाल्याशिवाय सात वर्षांची मर्यादा लागू होत नाही, पाचच राहतात.

नोकरी गेली तर? एल-१ए एका कंपनी-समूहाशी बांधलेला आहे, दुसऱ्या कंपनीकडे तो नेता येत नाही. मुदत शिल्लक असेल तर साठ दिवसांपर्यंत देशात राहून दुसरा व्हिसा शोधता येतो. जोडीदाराचा एल-२ही तुमच्यावरच टेकलेला, त्याचंही काम थांबतं. म्हणून आधी कधी एच-१बीच्या लॉटरीत निवड होऊन मंजुरी मिळालेली असेल तर ते कागद जपून ठेवा. त्यातला शिल्लक काळ तेव्हा वापरता येऊ शकतो. मात्र एलवर घालवलेला काळ एच-१बीच्या सहा वर्षांतून वजा होतो.

ग्रीन कार्ड हवं असेल तर ईबी-१सी हा मार्ग. त्यात श्रम खात्याची लांबलचक प्रक्रिया, म्हणजे पर्म, लागत नाही. अमेरिकेतली कंपनी किमान एक वर्ष व्यवसाय करत असली पाहिजे. पण भारतात जन्मलेल्यांची रांग ईबी-१ मध्येही आहे. आणि एच-१बीप्रमाणे ग्रीन कार्ड प्रलंबित आहे म्हणून सहा वर्षांच्या पुढे वाढ, ही सवलत एलला नाही. सात म्हणजे सात. तेवढ्यात रांगेत आपला नंबर आला नाही, तर बाहेर जाऊन वर्षभर राहावं लागतं. त्यामुळे एचआरकडे ही गोष्ट पहिल्या मुदतवाढीची वाट न बघता, दुसऱ्या वर्षीच काढा. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, त्याची तारीख जितकी जुनी, तितकी रांगेतली जागा पुढची.

आणि ती तारखांची तक्ता-फाइल. सात वर्षांत जे पूर्ण दिवस तुम्ही अमेरिकेबाहेर काढता, सुट्टीचे असोत की कामाचे, ते मर्यादेतून परत मागता येतात. पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो: शिक्के, बोर्डिंग पास, आय-९४ चा प्रवासाचा इतिहास. दर फेरीनंतर जाण्याची आणि येण्याची तारीख लिहा आणि बोर्डिंग पासचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. पाच-सहा वर्षांत असे तीन-चार महिने सहज जमतात, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढे महिने पुरेसे ठरू शकतात.